मातीतली पोकळी, वंशातली पोकळी : ‘अ सिंगल शार्ड’चा एक अन्वयार्थ

लिंडा सू पार्क यांची ‘अ सिंगल शार्ड’ ही कादंबरी २००१ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली आणि २००२ साली तिला न्यूबेरी पदक मिळाले. बालकुमारांसाठीच्या अमेरिकन वाङ्मयातील हा मोठा मान. त्यामुळे कादंबरी दूरवर पोहोचली. पण त्याचबरोबर तिच्या वाचनाची एक ठरावीक रीतही रूढ झाली. बाराव्या शतकातील कोरिया, पुलाखाली राहणारा एक अनाथ मुलगा, कुंभारकाम शिकण्याची त्याची धडपड, वाटेतले संकट आणि अखेरीस गुरूच्या घरात मिळालेले पुत्राचे स्थान, असा कथानकाचा आलेख मांडायचा आणि चिकाटी, सचोटी, श्रमप्रतिष्ठा ही मूल्ये त्यातून वेचून काढायची, अशी ती रीत आहे. ती चुकीची म्हणता येणार नाही, कारण कादंबरी त्या मूल्यांचा पुरस्कार करतेच. मात्र या वाचनात ‘अनाथाला घर मिळाले’ हे विधान कादंबरीचा अर्थ म्हणून स्वीकारले जाते. वस्तुतः ते केवळ कथानकाचे वर्णन असते. कोणते घर, कोणत्या अटीवर आणि कोणाच्या जाण्याने मोकळ्या झालेल्या जागी, हे प्रश्न त्या विधानाखाली झाकले जातात.

या कादंबरीत घरे दोन आहेत. एक पुलाखालचे आणि दुसरे कुंभाराचे. पहिल्याला छप्पर नाही, वंश नाही, नात्याला नाव नाही. दुसऱ्याला या तिन्ही गोष्टी आहेत. कथानक नायकाला पहिल्यातून दुसऱ्यात नेऊन बसवते, आणि तसे करताना पहिले घर संहितेतून नाहीसे करावे लागते. सुखान्ताच्या पोटात असलेला हा व्यय कादंबरीला ठाऊक आहे की नाही, हा तिच्या मूल्यमापनातील कळीचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर पात्रांच्या बोलण्यात शोधून फारसे हाती लागत नाही. ते मातीच्या कामात, विशेषतः खोदून भरलेल्या नक्षीच्या तंत्रात दडलेले आहे.

नायकाचे नाव ट्री-इअर, म्हणजे शब्दशः झाडाचा कान. वठलेल्या किंवा पडलेल्या झाडाच्या खोडावर उगवणाऱ्या, कानाच्या पाळीसारख्या दिसणाऱ्या अळंबीचे हे नाव. ती बीजावाचून उगवते अशी समजूत असल्यामुळे आईबाप नसलेल्या मुलाला ते शोभते, असा नामकरणामागील तर्क. हे नाव देणारा क्रेन-मॅन हा जन्मतः एक पाय लुळा असलेला, क्रौंच पक्ष्यासारखा एका पायावर उभा राहणारा वृद्ध. दोघांचीही नावे वर्णनात्मक आहेत. त्यांत कुळ नाही, पिढी नाही. चुलपो या पश्चिम किनाऱ्यावरील कुंभारांच्या गावात हे दोघे पुलाखाली राहतात, हिवाळ्यात जमिनीतल्या खड्ड्यात आसरा घेतात, उकिरड्यांतून आणि रानातून अन्न वेचतात. वेचणे आणि चोरणे यांतील भेद मात्र क्रेन-मॅन कसोशीने पाळतो. कादंबरीच्या आरंभीच एका माणसाच्या पाठीवरच्या ओझ्यातून तांदूळ सांडत जातात. ते त्याला लगेच सांगावे, की थोडे सांडू द्यावेत, या पेचात ट्री-इअर सापडतो. दारिद्र्याच्या काठावरही नीतीचा सूक्ष्म विचार करणारे हे घर आहे. वाचकाला ते आधी परिचित होते आणि कुंभाराचे घर त्याच्या मापाने जोखले जाते.

या दोघांच्या नात्याला संहितेत नाव नाही, ही गोष्ट सहज नजरेतून सुटते. ट्री-इअर क्रेन-मॅनला आजा, काका, बाबा असे काहीही म्हणत नाही. क्रेन-मॅनही त्याला मुलगा म्हणत नाही. ते एकमेकांचे मित्र आहेत. वय, अवलंबित्व, पालनपोषण या सर्व बाबतींत पितापुत्रासारख्या असलेल्या नात्याला लेखिकेने नात्यागोत्याच्या शब्दांपासून जाणीवपूर्वक दूर ठेवलेले दिसते. या नात्याच्या उगमाची कथाही अशीच आहे. आईबाप तापाच्या साथीत दगावल्यावर सोंगदोहून एका भिक्षूने त्याला चुलपोला, चुलत्याच्या शोधात आणले. चुलता गाव सोडून गेलेला. मठातही ताप पसरलेला. म्हणून मूल काही काळापुरते क्रेन-मॅनकडे सोपवण्यात आले. पुढे मठाची माणसे न्यायला आली, तेव्हा ते मूल माकडासारखे क्रेन-मॅनच्या धडक्या पायाला बिलगून बसले. हे घर अशा रीतीने मुलाच्या निवडीने अस्तित्वात आले. कुंभाराच्या घरात ट्री-इअरला घेतले जाते. पुलाखालचे घर त्याने स्वतः धरून ठेवलेले असते. पुढे तो मातीचे जे पहिले छोटे शिल्प घडवतो ते माकडाचेच असते आणि ते तो क्रेन-मॅनला देतो, ही योजना लक्षणीय आहे.

मिन या कुंभाराच्या घरात ट्री-इअरचा प्रवेश होतो तो अपघाताने आणि ऋणाने. चोरून काम पाहताना त्याच्या हातून एक डबी फुटते. ती घडवायला मिनला तीन दिवस लागलेले असतात; भरपाई म्हणून नऊ दिवस राबायचे ठरते. नऊ दिवस संपल्यावर तो विनामोबदला काम करण्याची परवानगी मागतो. मोबदला म्हणून दुपारच्या जेवणाचा एक वाडगा मिळतो, त्यातला अर्धा तो क्रेन-मॅनसाठी बाजूला काढतो, आणि मिनची पत्नी न बोलता तो वाडगा पुन्हा भरून ठेवू लागते. कादंबरीतील सर्वांत संयत लेखन या वाडग्याभोवती आहे. पुलाखालचे घर आणि कुंभाराचे घर यांच्यामध्ये हा एकच पूल बांधला गेलेला आहे, आणि तो एका स्त्रीने बांधलेला आहे.

शिकण्याच्या प्रक्रियेचे चित्रण मात्र रूढ शिष्यकथांपेक्षा वेगळे आहे. मिन काहीही शिकवत नाही. ट्री-इअर महिनोन्‌महिने भट्टीसाठी लाकडे तोडतो, नदीकाठची माती खणून आणतो, ती पाण्यात कालवून, गाळून, निथळून तिची घाण काढतो. एक दिवस निथळलेल्या मातीत बोटे बुडवताना तिच्या मऊपणातील फरक त्याला बोटांनीच कळतो, शब्दांनी सांगता येत नाही. ज्ञान शरीरात उतरते, त्याचे सिद्धान्तन होत नाही. वॉल्टर बेंजामिन यांनी १९३६ सालच्या कथनकारावरील निबंधात कथेवरील कथनकाराचा ठसा आणि भांड्यावरील कुंभाराच्या हाताचा ठसा यांत साम्य पाहिले होते. येथे कथनाची गतीही मातीच्या कामाच्या गतीशी जुळवून घेतलेली आहे. गाळणे, थांबणे, पुन्हा गाळणे अशा आवर्तनांनी पूर्वार्ध चालतो. कुमारवाचकासाठी लिहिणाऱ्या लेखिकेने एवढा संथपणा पत्करणे हे धाडसच म्हणावे लागेल.

चाकावर बसू द्या, अशी विनंती ट्री-इअर करतो, तेव्हा मिनचे उत्तर कठोर येते. कुंभारकी बापाकडून मुलाकडे जाते. आपल्याला मुलगा होता, ह्युंग-गू, तो गेला. त्याला शिकवले असते. हा मुलगा त्याचा नाही, म्हणून त्याला शिकवायचे नाही. या नकारात दोन गोष्टी एकत्र गुंफल्या आहेत : एक रीत आणि एक शोक. ट्री-इअरला, आणि बहुतेक वाचकांना, पुढे शोकच प्रमुख वाटू लागतो. मिनचे मन वळले की दार उघडेल अशी अपेक्षा निर्माण होते, आणि रीतीचा प्रश्न भावनेच्या प्रश्नात विरघळून जातो.

मराठी वाचक येथे थबकल्यावाचून राहणार नाही. बापाकडून मुलाकडे जाणारा व्यवसाय हे त्याला केवळ कारागिराचे कुलाभिमानी वचन म्हणून ऐकता येत नाही. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ने १९१५ साली ज्या बलुतेदारीचे वर्णन केले, तिच्यात कुंभार हा एक बलुतेदार होता, आणि जन्माने ठरलेल्या कामात हक्क व सक्ती या दोहोंची वीण किती घट्ट असते हे येथील समाजेतिहासाने दाखवलेले आहे. कोरियातील परिस्थिती ही जातिव्यवस्था नव्हे; साम्य ताणण्यात अर्थ नाही. तरीही गोर्यो राजवटीत, म्हणजे ९१८ ते १३९२ या काळात, ‘सो’ नावाने ओळखले जाणारे विशेष उत्पादनप्रदेश होते. राजसत्तेला लागणारी धातू, कागद, मृत्पात्रे अशी द्रव्ये आणि वस्तू तेथील रहिवाशांनी पुरवायच्या असत, त्यांचा दर्जा सामान्य प्रजेहून खालचा होता आणि तो पिढीजात होता. नैर्ऋत्येकडील गांगजिनच्या परिसरातील दाएगु-सो हा सेलाडॉन घडवणारा असाच एक प्रदेश. पिढीजात कुंभारकीमागे राज्यसत्तेचा हात होता, ही गोष्ट कादंबरीच्या चुलपोत कोठेही जाणवत नाही. तेथे राजदरबार येतो तो किम नावाच्या रसज्ञ दूताच्या रूपाने. त्याची मागणी ही सन्मानाची गोष्ट, आयुष्यभराच्या निर्वाहाची हमी. सत्तेचा कर येथे कलेचा पुरस्कार होऊन येतो.

दुसरी बाब नात्याच्या व्यवस्थेची. मार्टिना डॉइख्लर यांनी १९९२ सालच्या आपल्या ग्रंथात कोरियन समाजाच्या कन्फ्यूशियन रूपांतराची जी मांडणी केली, तिच्यानुसार गोर्योकालीन नातेव्यवस्था बरीच लवचिक होती. मातृकुळालाही महत्त्व होते, मुलींना वारसा मिळे, जावई सासुरवाडीत राहत. बापाकडून मुलाकडे जाणारी एकरेषीय, काटेकोर वंशकल्पना दृढ झाली ती त्यानंतरच्या जोसोन राजवटीत. म्हणजे मिनच्या तोंडची रीत ही पुष्कळशी पुढच्या काळाची सावली मागच्या काळावर पडल्यासारखी आहे. ऐतिहासिक कादंबरीत असे होतेच, आणि काळविपर्यास शोधून काढणे हा येथे हेतू नाही. प्रश्न असा की लेखिकेला ही सावली का हवी होती. उत्तर रचनेच्या गरजेत सापडते. रीत जितकी कठोर, तितके अखेरचे स्वीकारणे मोठे. कुळाचे दार पक्के बंद असल्याखेरीज दत्तकाच्या कथेला ताण येत नाही.

एडवर्ड सैद यांनी १९८३ सालच्या ‘द वर्ल्ड, द टेक्स्ट अँड द क्रिटिक’मध्ये जन्माने लाभणारे वंशसंबंध आणि निवडीने, संस्थेने किंवा व्यवसायाने जोडले जाणारे स्वीकृतसंबंध असा भेद केला होता. त्यांचा इशारा असा, की स्वीकृतसंबंध वंशसंबंधाची जागा घेतात तेव्हा त्याच्या अधिकाराची रचनाही पुष्कळदा जशीच्या तशी उचलतात. ‘अ सिंगल शार्ड’चा शेवट या इशाऱ्याचे बिनचूक उदाहरण वाटतो. मिन आपली रीत मोडत नाही. परक्याला विद्या देता येते असे तो कधीच म्हणत नाही. तो परक्याला मुलगा करतो आणि मग विद्या देतो. नियम अबाधित राहतो, अपवादही नियमाच्या भाषेत बसवला जातो. चुलपोत उद्या दुसरा अनाथ आला, तर त्याच्यासाठी दार पूर्वीइतकेच बंद असेल.

एवढ्यावर थांबले तर ही कादंबरी वंशव्यवस्थेचे मनोहर समर्थन ठरेल, आणि तसा निष्कर्ष काढणे सोपेही आहे. परंतु संहितेत आणखी एक विचारव्यूह काम करीत असतो. तो कोणत्याही पात्राच्या तोंडी येत नाही. तो तंत्राच्या तपशिलात आहे.

सेलाडॉनचा हिरवा रंग रंगवून मिळत नाही. झिलईत थोडे लोह असते, आणि भट्टीतील हवा कोंडून ती प्राणवायूला पारखी केली की त्या लोहातून निळसर हिरवी छटा उमटते. सुंग दरबाराचा दूत शू जिंग ११२३ साली गोर्योत आला होता. तेथील लोक या रंगाला ‘बिसेक’ म्हणतात अशी नोंद त्याने करून ठेवली आहे. जडावाच्या नक्षीची नोंद त्याच्या लेखनात नाही. ११४६ साली निवर्तलेल्या इन्जोंग राजाच्या थडग्यात सापडलेली सेलाडॉनची भांडी नितळ आहेत. ११५९ साली मृत्यू पावलेल्या मुन गोंग-यू याच्या थडग्यातील वाडग्यावर मात्र जडावाचे काम आहे. मधल्या थोड्या वर्षांत कोरियन कुंभारांनी ‘सांगगाम’ हे तंत्र प्रौढ केले. कादंबरीचा कालावकाश नेमका या संक्रमणाचा आहे. कांग हा दुसरा कुंभार गुप्तपणे ते तंत्र हस्तगत करतो. ट्री-इअरने ते चोरून पाहिलेले असते, आणि पाहिलेले सांगणे ही चोरी होईल का, हा त्याचा पेच तांदळाच्या पेचाचीच पुढची पायरी आहे. कांगने आपले काम सर्वांसमोर मांडेपर्यंत गप्प राहायचे, हा मार्ग क्रेन-मॅनशी झालेल्या बोलण्यातून निघतो. कुंभाराच्या घराची कला ज्या क्षणी पुढे जाते, त्या क्षणी तिला नीतीचे माप पुरवते ते पुलाखालचे घर.

आता तंत्र पाहावे. अर्धवट सुकलेल्या भांड्याच्या अंगावर नक्षी कोरायची. कोरलेल्या खोलगट जागेत दुसऱ्या जातीची माती पातळ कालवून भरायची, काही ठिकाणी पांढरी, काही ठिकाणी तांबडी. वर आलेली माती खरवडून पृष्ठभाग सपाट करायचा. एकदा भाजायचे, झिलई चढवायची, पुन्हा भाजायचे. पांढरी माती पांढरीच राहते, तांबडी काळी होते, आणि पारदर्शक हिरव्या झिलईखाली क्रौंच, ढग, फुले दिसू लागतात. हात फिरवला तर कोठेही उंचवटा लागत नाही; डोळ्यांना मात्र परकी माती स्पष्ट दिसते. चित्र भांड्यावर काढलेले नसते. ते भांड्याच्या अंगात, त्याच्या काढून टाकलेल्या भागाच्या जागी असते.

मिनच्या घरातील पोकळी ही अशीच कोरलेली जागा आहे. ह्युंग-गूच्या मृत्यूने कुळाच्या अंगावर एक खोल आकार उमटला आहे आणि ट्री-इअर ही त्यात भरली जाणारी दुसरी माती आहे. हे साम्य बाहेरून लादलेले नाही, कारण कादंबरी नाव देण्याच्या प्रसंगातून ते स्वतःच सिद्ध करते. मिनची पत्नी, जिला तोवर तो ‘अजिमा’ म्हणू लागलेला असतो, त्याला ह्युंग-पिल हे नाव देते. ह्युंग-गू आणि ह्युंग-पिल यांतील समान अक्षर भावंडांना दिले जाते. म्हणजे नवा मुलगा गेलेल्या मुलाची जागा पुसून टाकत नाही. त्याला गेलेल्याचा भाऊ केले जाते. मृत मुलाचे अक्षर त्याच्या नावात कोरलेले राहते आणि उरलेले अक्षर त्याचे स्वतःचे असते. खोलगा आणि भरण दोन्ही दिसत राहतात. वंशाची कल्पना रक्ताच्या अखंडतेवर उभी असते. सांगगामचा तर्क सांगतो की अंग खंडित केल्यावाचून नक्षीच उमटत नाही. लेखिकेने हे सूत्र उघड मांडले नाही, हे चांगलेच झाले.

कुंभार, माती आणि हरवलेले मूल ही त्रयी मराठी वाचकाला संत गोरोबांच्या आख्यायिकेमुळे जवळची आहे. तेरच्या गोरोबांच्या पायाखाली मातीत तुडवले गेलेले मूल विठ्ठलकृपेने परत मिळते. कादंबरीच्या लौकिक जगात असा चमत्कार नाही. तेथे गेलेले मूल परत येत नाही, येते ते दुसऱ्याचे.

उत्तरार्धातील प्रवास हा कथानकाच्या दृष्टीने सर्वाधिक घटनापूर्ण आणि शैलीच्या दृष्टीने सर्वाधिक रूढ भाग आहे. दोन भांडी पाठीवर घेऊन सोंगदोकडे निघालेला ट्री-इअर, वाटेतला कोल्हा, दरोडेखोर, हे सर्व साहसकथेच्या ठरलेल्या वाटेने जाते. एक गोष्ट मात्र विचारात घेण्यासारखी आहे. सोंगदो ही केवळ राजधानी नाही. ट्री-इअरला जेथून आणले गेले ते ते शहर आहे. फ्रॉइड यांनी १९०९ साली वर्णिलेल्या कुटुंबविषयक स्वप्नरंजनाच्या साच्यात अनाथ नायक अशा शहरात आपले खरे कुळ शोधतो आणि ते बहुधा थोर निघते. येथे ती शक्यता समोर असूनही कादंबरी तिच्याकडे ढुंकून पाहत नाही. रक्ताच्या नात्याचा शोध तिला नकोच आहे. वंशाच्या रीतीपुढे नमणारी ही संहिता रक्ताच्या प्रश्नावर इतकी उदासीन आहे, ही विसंगती तिच्या पोटातील दुहेरी ओढ दाखवते.

पुयोच्या ‘गळत्या फुलांच्या कड्या’वर दरोडेखोर भांडी खाली भिरकावतात. ६६० साली बेक्जे राज्य कोसळले, तेव्हा या कड्यावरून दरबारातील स्त्रियांनी उड्या टाकल्या अशी दंतकथा आहे, आणि ती क्रेन-मॅननेच मुलाला आधी सांगितलेली असते. फुटक्या तुकड्यांतून ट्री-इअर एक खापरी उचलतो. तिच्यावर जडावाच्या नक्षीचा अंश असतो, भांड्याच्या खरबुजी आकाराची खूण असते, झिलईचा रंग असतो. दूत किम त्या एका खापरीवरून मिनला काम देतो. अंशावरून पूर्णाचा निर्णय करण्याचा हा प्रसंग वाङ्मयाच्या अभ्यासकालाही सूचक वाटावा. किम तुटक्या वस्तूची कीव करीत नाही. तिच्यात जे आहे तेवढ्यावर निर्णय देतो. कुळ विचारले जाते तेथे मुलगा अपुरा ठरतो, कारण त्याचे पूर्ण भांडे कोठे आहे हे कोणालाच ठाऊक नसते. किमच्या दृष्टीसमोर मात्र तुकडा पुरेसा ठरतो. मराठीत ‘खापर’ हा शब्द पणजोबाच्या मागे लागून पिढ्यांची उतरंडही दाखवतो, आणि ‘उतरंड’ ही तरी मडक्यांचीच. भाषेने भांडे आणि वंश यांची सांगड किती सहज घातली आहे हे अशा वेळी जाणवते. कादंबरीतील खापरी मात्र उतरंडीतून निसटलेली आहे, आणि तिचे मोल त्यामुळे उणावत नाही.

परत आलेल्या ट्री-इअरला क्रेन-मॅनच्या मृत्यूची वार्ता मिळते. पुलाचा कठडा तुटून तो थंडगार पाण्यात पडला. त्याच्याजवळ ते मातीचे माकड होते. कादंबरीचा सर्वांत गंभीर दोष आणि तिचे सर्वांत करुण स्थळ एकाच ठिकाणी आहेत. दोष असा, की हा मृत्यू अपघाताच्या रूपाने येतो आणि कथानकाची अडचण नेमकी वेळेवर दूर करतो. क्रेन-मॅन जिवंत असता तर ट्री-इअर कोणाचा मुलगा झाला असता? एकाच वेळी पुलाखालच्या मित्राचा सोबती आणि कुंभाराच्या कुळाचा वारस असे दुहेरी अस्तित्व कादंबरीला पेलले असते का? अजिमाने क्रेन-मॅनला काम देण्याच्या निमित्ताने रोज जेऊ घालायला आरंभ केला होता. म्हणजे दोन घरांतील पूल रुंद होत चालला होता. एक वेगळे, रीतीबाहेरचे कुटुंब आकार घेण्याची शक्यता निर्माण झाली होती. पुलाचा कठडा मोडतो तो या टप्प्यावर. ज्या घराने मुलाला नीती दिली, ते घर संपल्याखेरीज त्याला कुळ मिळत नाही. पूर्वार्धात तांदळाच्या चार दाण्यांसाठी एवढा खल करणारी संहिता येथे स्वतःच्या सोयीपुढे निमूट झुकते.

तरीही हा दोष संपूर्ण म्हणता येत नाही. माकड परत ट्री-इअरच्या हाती येते. मठवाल्यांच्या हातून सुटून पायाला बिलगलेल्या मुलाची ती आठवण आता त्याच्याकडे, म्हणजे दुसऱ्या घरात, राहते. अजिमा नाव देते आणि मिन लाकडे तोडायला धाडतो. हे लाकूड नव्या चाकासाठी आहे हे उलगडते तेव्हा स्वीकार पूर्ण होतो. त्याच वेळी ट्री-इअर मनात एक भांडे पाहू लागतो, आणि त्यावर क्रौंच असतात. पहिले घर नक्षी होऊन दुसऱ्या घराच्या मातीत शिरते. सांगगामचा न्याय उलटाही लागू होतो : मिनच्या कुळाच्या पोकळीत मुलगा भरला गेला, तशी मुलाच्या मनातील पोकळीत क्रेन-मॅन.

या रचनेला एक समकालीन संदर्भ आहे. १९५० ते १९५३ च्या युद्धानंतर दक्षिण कोरियातून सुमारे दोन लाख मुले परदेशांत दत्तक दिली गेली, त्यांतील बहुसंख्य अमेरिकेत. देशातल्या देशात अनोळखी मूल दत्तक घेण्याला रक्तवंशाच्या कल्पनेमुळे विरोध होता, हे या इतिहासाचे एक कारण मानले जाते. २०२५ साली कोरियाच्या सत्य व सलोखा आयोगाने या परदेशी दत्तकविधानांत राज्यसंस्थेकडून मानवी हक्कांचे उल्लंघन झाल्याचा निष्कर्ष काढला. पार्क यांचा जन्म १९६० साली इलिनॉय राज्यात, स्थलांतरित कोरियन आईवडिलांच्या पोटी झाला. त्यांच्या कादंबरीचे वाचक असलेल्या देशात कोरियन दत्तक मुलांची एक अख्खी पिढी वाढलेली होती. अशा वाचकांसमोर, कोरियातल्याच एका घराने आपल्या अनाथाला नाव दिले, अशी कथा मांडण्याला अर्थ प्राप्त होतो. तो इतिहास कादंबरीत नाही, असण्याचे कारणही नाही. पण ‘कुंभारकी बापाकडून मुलाकडे’ या वाक्याचा भार त्या इतिहासामुळे वाढतो. मिनचे दार एका मुलासाठी उघडले, हे मग केवळ अपुरे वाटत नाही. ते इच्छाचित्र वाटते, आणि इच्छाचित्राला असतो तो अपुरेपणा त्याला आहे.

पार्क यांची २००२ सालची ‘व्हेन माय नेम वॉज केओको’ ही कादंबरी याच संदर्भात शेजारी ठेवावी. जपानी राजवटीने १९४० साली कोरियनांना जपानी नावे घ्यायला भाग पाडले, हा तिचा विषय. लागोपाठच्या दोन कादंबऱ्यांत नाव मिळणे हे एकदा वरदान आणि एकदा बळजबरी होऊन येते. नामकरण करणाऱ्याच्या हाती सत्ता असते, ही जाणीव लेखिकेला नव्हती असे त्यामुळे म्हणता येत नाही. ‘अ सिंगल शार्ड’मध्ये तिने ती बाजूला ठेवली. किशोरवाचकाचे भान हे त्याचे एक कारण असावे. दुसरे असे, की येथे नाव मिन देत नाही, अजिमा देते, आणि नावाच्या आधी तिने त्याच्याकडून नात्याचा एक शब्द मागून घेतलेला असतो. कादंबरीत अधिकार आणि माया यांची वाटणी पुरुष व स्त्री यांच्यात जरा सोयीने केलेली आहे. अजिमाला स्वतःचे नाव नाही, हेही त्या सोयीचेच अंग.

कादंबरीचा शेवट एका प्रत्यक्ष वस्तूपाशी येतो. सोलच्या कान्सोंग कलासंग्रहालयात ‘सहस्र क्रौंचांचे पात्र’ म्हणून प्रसिद्ध असलेले, सुमारे ४२ सेंटिमीटर उंचीचे सेलाडॉनचे भांडे आहे. कोरियाने ते राष्ट्रीय ठेवा म्हणून जाहीर केले आहे. त्यावर ४६ वर्तुळे आहेत आणि एकंदर क्रौंच ६९. सहस्र हा आकडा भांडे फिरवताना डोळ्यांना होणाऱ्या भासाचा. वर्तुळांतील क्रौंच वर झेपावतात, वर्तुळांबाहेरचे खाली उतरतात. कर्ता अज्ञात आहे, आणि पार्क यांनी त्या अज्ञाताच्या रिकाम्या जागी आपला ट्री-इअर बसवला. १९३५ साली, जपानी राजवटीत, हे भांडे एका जपानी व्यापाऱ्याकडून विकत घेऊन देशात राखणाऱ्या संग्राहकाचे नाव जॉन ह्युंग-पिल. हे साम्य योजलेले असो वा नसो, अजिमाने दिलेले नाव त्या भांड्यावर कोठेही कोरलेले नाही. भांड्याच्या इतिहासात ते येते, पण घडवणाऱ्याचे म्हणून येत नाही.